मलावष्टंभ : औषध देण्यापूर्वीचे पाच प्रश्न

"पोट साफ होत नाही, एखादे चूर्ण द्या," ही मागणी औषधविक्रेत्यास नित्य परिचयाची आहे. ज्वर किंवा कास असता वैद्याकडे येणारा रुग्णही मलावष्टंभासाठी मात्र वर्षानुवर्षे दुकानातूनच औषध नेतो. या तक्रारीत विक्रेता हाच बहुधा पहिला, आणि पुष्कळदा एकमेव, सल्लागार ठरतो. वैद्य व विक्रेते या दोघांच्याही उपयोगाचा म्हणून हा विषय आम्ही या पाठासाठी निवडला आहे.

व्याधिविचार

मलावष्टंभ हे बहुधा लक्षण असते. मूळ हेतू निराळाच असतो. अपान वायूची विगुणता, रूक्ष व अल्प आहार, जलपान कमी होणे, दिवसभर बैठे काम आणि वेगधारण ही नित्याची कारणे होत. एस.टी.चे चालक-वाहक, बंदोबस्तावरील पोलीस आणि शाळेत स्वच्छतागृह टाळणाऱ्या मुली ही वेगधारणाची रोजच्या पाहण्यातील उदाहरणे. चरकसंहितेच्या 'नवेगान्धारणीय' अध्यायात पुरीषवेग रोखल्याने पक्वाशयशूल, शिरःशूल, आध्मान आणि पोटऱ्यांत वळ येणे ही लक्षणे सांगितली आहेत. त्यावरील उपक्रम स्वेद, अभ्यंग, अवगाह, वर्ति, बस्ति व योग्य अन्नपान असे आहेत. प्रत्येक मलावष्टंभास रेचक हे उत्तर नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

विचारावयाचे प्रश्न

१. तक्रार किती दिवसांची आहे? जन्मभराची सवय आणि दोन महिन्यांत झालेला बदल यांत मोठे अंतर आहे. पन्नाशीनंतर मलप्रवृत्तीची सवय नव्याने बदलल्यास चूर्ण न देता तपासणीस पाठवावे.

२. मलाबरोबर रक्त जाते काय? वजन घटले आहे काय? पांडुता, कधी मलावष्टंभ तर कधी अतिसार, अथवा कुटुंबात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास असल्यास वैद्याची भेट अनिवार्य समजावी. पोट फुगले आहे, उलट्या होत आहेत आणि अधोवायूही सरत नाही, अशा रुग्णास कोणतेही रेचक देऊ नये; त्वरित रुग्णालयात धाडावे.

३. अन्य औषधे कोणती चालू आहेत? लोह व कॅल्शियमच्या गोळ्या, ॲल्युमिनियमयुक्त आम्लनाशके, कोडीनयुक्त खोकल्याची औषधे, व्हेरापामिल, ॲमिट्रिप्टिलीन यांनी मलावष्टंभ होतो. अशा वेळी ते औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलण्यास सांगावे. औषध परस्पर बंद करावयास सांगू नये.

४. गर्भारपण, मधुमेह, उच्च रक्तदाब, हृद्रोग वा वृक्कविकार आहे काय?

५. कोष्ठ कसा आहे? नुसत्या गरम दुधाने ज्यास शौचास होते तो मृदुकोष्ठी. त्यास क्रूरकोष्ठी रुग्णाची मात्रा दिल्यास अतिसार व बलहानी होते.

औषधविचार

त्रिफळा चूर्ण ३ ते ६ ग्रॅम रात्री कोमट पाण्याबरोबर, अथवा एरंडतेलात भाजलेली हरीतकी, ही सौम्य योजना होय. मात्र अजीर्ण असलेल्या, रूक्ष आहार घेणाऱ्या, कृश आणि भुकेने, तहानेने वा उष्णतेने पीडित व्यक्तीस चरकाचार्यांनी हरीतकी वर्ज्य सांगितली आहे. इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच घ्यावे आणि इतर औषधांपासून सुमारे दोन तासांचे अंतर ठेवावे. गिळण्यास त्रास होणाऱ्या रुग्णास ते देऊ नये.

पंचसकार चूर्णाविषयी विशेष सांगणे आहे. सुंठ, सोनामुखी, शिवा म्हणजे हरीतकी, सौंफ व सैंधव या पाच द्रव्यांवरून हे नाव पडले. बाजारातील अनेक 'पोट साफ' चूर्णांतही सोनामुखी असते. म्हणून वेष्टनावरील घटक वाचण्याची सवय ठेवावी. सोनामुखी मोठ्या आतड्यावर कार्य करते आणि परिणामास साधारणतः ६ ते १२ तास लागतात. अधीर रुग्ण तेवढ्यात दुसरी मात्रा घेतो. त्यास हे आधीच सांगावे. अतिसेवनाने शरीरातील पोटॅशियम घटते. डिगॉक्सिन किंवा मूत्रल औषधे घेणाऱ्या हृद्रोग्यास हे धोक्याचे ठरते. सैंधव हेही मीठच, म्हणून रक्तदाबाच्या व वृक्कविकाराच्या रुग्णांत विचार करावा. अविपत्तिकर चूर्णाच्या मूळ पाठात निम्मा भाग शर्करेचा आहे, हे मधुमेही रुग्णास अवश्य सांगावे.

इच्छाभेदी रसात जयपाल आहे. औषध नियम १९४५ च्या अनुसूची ई (१) मध्ये जयपालाची गणना विषद्रव्यांत असून, असे औषध वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर आवश्यक आहे. वैद्याच्या पत्राविना ते देऊ नये. गर्भिणी व बालक यांस तर कोणतेही तीव्र रेचक दुकानातून परस्पर देणे सर्वथा वर्ज्य समजावे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी चौपन्न वर्षांचे एक गृहस्थ याच तक्रारीसाठी आमच्याकडे आले. आम्ही नाडी व उदर पाहिले, चूर्ण लिहून दिले. त्यांना बरे वाटले. पुढे अकरा महिने तीच चिठ्ठी दाखवून ते दुकानातून चूर्ण नेत राहिले. पुन्हा आले ते पांडुर व कृश होऊन. त्या दिवशी केलेल्या गुदपरीक्षणात अर्बुद बोटास लागले. शस्त्रक्रिया झाली, परंतु व्याधी यकृतापर्यंत पोहोचली होती. ते परीक्षण आम्ही पहिल्याच भेटीत करावयास हवे होते, आणि चिठ्ठीवर मुदत लिहावयास हवी होती. यांतील दोष प्रथम आमचा आहे. तिसऱ्या डब्याच्या वेळी दुकानात कोणी "अजून बरे नाही का?" एवढे विचारले असते, तर आमची चूक कदाचित वेळेत लक्षात आली असती.

उपसंहार

आयुर्वेदीय औषधांच्या निर्मितीस परवाना लागतो. किरकोळ विक्रीस वेगळा परवाना लागत नाही. त्यामुळे कायद्याने न घातलेले बंधन आपणच घालून घ्यावे लागते. वैद्यांनी प्रत्येक चिठ्ठीवर मात्रेसह मुदत लिहावी. विक्रेत्यांनी रेचक औषध दोन आठवड्यांहून अधिक काळ मागणाऱ्या ग्राहकाची नोंद एका वहीत ठेवावी आणि त्यास वैद्याकडे पाठवावे. एका डब्याची विक्री त्यायोगे कमी होईल, परंतु रुग्णाचा विश्वास दुकानाशी जोडलेला राहील.