कोंबडा आणि कोंबड्यांचा स्वभाव : निसर्गनिरीक्षणाचा एक पाठ

भोर व वेल्हे भागांतील वाड्यावस्त्यांवर पुष्कळ घरी चार-सहा गावठी कोंबड्या असतात. त्यांची राखण व अंड्यांचा व्यवहार बहुधा घरातील स्त्रियांकडे असतो. जत्रा किंवा आषाढी अमावास्या जवळ आली की प्रथम कोंबडा जातो. कोंबड्या अंड्यांसाठी राहतात. पुढे काही दिवसांनी “कोंबडा गेला आणि ह्या भांडू लागल्या” असे घरोघर ऐकू येते. हे म्हणणे कितपत खरे आहे, याचा शोध तिसरी-चौथीच्या मुलांकडून करवून घेण्यासारखा आहे.

शिक्षकांनी प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कोंबड्यांत मानाची उतरंड असते. वरची खालचीला टोचते, खालची उलट टोचीत नाही. नॉर्वेतील श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२२ साली ही व्यवस्था शास्त्रीय रीतीने मांडली. उतरंड एकदा ठरली की भांडणे आपोआप ओसरतात. नवी तलंग आणून सोडली की ती पुन्हा उसळतात. म्हणून शांतता केवळ कोंबड्यामुळेच असते, असे मानणे बरोबर नव्हे.

तथापि कोंबड्याचा परिणाम होतो, हेही खरे. तो माद्यांच्या उतरंडीबाहेर असतो व सहसा त्यांच्यावर वचक ठेवून असतो. दोघी झुंजू लागल्या तर पुष्कळदा तो मध्ये शिरतो. नर असलेल्या कळपांत माद्यांची आपसांतील टोचाटोची कमी असल्याचे अभ्यासकांनाही आढळले आहे. शिवाय तो मान उंच करून पहारा करतो, त्यामुळे कोंबड्या निर्धास्तपणे चरतात. घार दिसली तर एक आवाज, मुंगूस किंवा मांजर दिसले तर निराळा; मुलांना हा फरक कानांनी ओळखता येतो. दाणा सापडला तर तो कुक-कुक करून माद्यांना बोलावतो. (राजगड-तोरण्याच्या रानातील करडा रानकोंबडा हा याचा सोयरा, मुख्य पूर्वज मात्र तांबडा रानकोंबडा होय.)

परंतु कोंबडा उर्मट असला, किंवा पाच-सहा कोंबड्यांत दोन कोंबडे असले, तर उलट घडते. कोंबड्यांच्या पाठीची पिसे झडतात, त्या दडून बसतात. आठ-दहा माद्यांस एक नर पुरेसा होतो.

कोंबडा नसला तर अंडीच मिळत नाहीत, असा काही मुलांचा समज असतो. तो दूर करावा. अंडी मिळतात, पण त्यांतून पिले निघत नाहीत. कोंबडा गेल्यावर आठवडाभर घातलेली अंडी बहुतेक फळतात, पुढे हे प्रमाण झपाट्याने घटते. हे न कळल्याने खुडूक कोंबडी एकवीस दिवस बसवून सर्व अंडी वाया जातात, आणि ते नुकसान त्या घरच्या माउलीला सोसावे लागते.

निरीक्षणाची रीत सोपी आहे. कोंबड्यांच्या पायांत निरनिराळ्या रंगांचे दोरे सैल बांधावेत. सकाळी खुराडे उघडल्यावर पंधरा मिनिटे, कोणी कोणास किती वेळा टोचले ते पाटीवर रेघा मारून मोजावे. असे कोंबडा असताना आठ दिवस व गेल्यावर आठ दिवस करावे. येथे एक फसगत संभवते. आषाढ-श्रावणात आपल्याकडे पाऊस असा कोसळतो की कोंबड्या दिवसचे दिवस पडवीत कोंडलेल्या राहतात, आणि नुसत्या दाटीनेही टोचाटोची वाढते. तेव्हा ज्या घरी कोंबडा कायम आहे अशा शेजारच्या घरची नोंदही त्याच दिवसांत घ्यावी. दोन्हीकडे रेघा सारख्याच वाढल्या, तर दोष पावसाचा समजावा. उत्तर काय यावे हे मुलांना आधी सांगू नये. नाहीतर रेघा तशाच पडतात.

ज्यांच्या घरी कोंबड्या नाहीत त्या मुलांकडे वर्गाच्या तक्त्यावर आकडे उतरवून घेण्याचे काम द्यावे. कोंबडा कोणाच्या घरी का गेला, कोण काय खातो, ही चर्चा मात्र वर्गात काढू नये.