पवनचक्की वर चढते कशी?

सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात वनकुसवड्याचं पठार आहे. खाली कोयनेचं पाणी आणि वर उघडा माळ. या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीला आहेत. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल आहे, तिथंही आहेत. एस. टी. तून जाताना आपण त्या बघतो. पोरं खिडकीतून हात दाखवतात.

वाऱ्यावर वीज कशी होते, हा मोठा विषय आहे. तो इथं घेत नाही. एवढं मोठं धूड वर चढतं कसं, ते आज बघू. चक्की उभी करायला बाहेरगावचे कारागीर येतात खरे, पण हाताखाली आपल्याच गावची माणसं असतात. कुणी खड्डा खणतो, कुणी पहारा करतो, कुणी दोर धरतो. दोर धरणाऱ्याला दोर कसा धरायचा हे कुणी सांगितलं नाही, तर जिवाशी गाठ पडते.

२ मेगावॅटची म्हणतात ती चक्की घेऊ. तिचा खांब सुमारे ८० मीटर उंच असतो. पंचवीस मजली इमारत समजा. खांब म्हणजे पोलादाची जाड पोकळ नळी. ती तीन-चार तुकड्यांत येते. खांबावर यंत्राची खोली बसते. कामावर तिला नॅसेल म्हणतात. तिचं वजन ७० टनांच्या आसपास असतं. एका बैलगाडीत टनभर माल धरला, तर सत्तर भरल्या गाड्या एकदम आभाळात न्यायच्या. त्यानंतर तीन पाती. एकेक पातं ४० मीटरहून लांब. आता तर १२० आणि १४० मीटर उंचीच्या चक्क्याही उभ्या राहतात.

हे सगळं उचलते क्रेन. क्रेनवर ५०० टन असा आकडा लिहिलेला असतो. बघणाऱ्याला वाटतं, हिला ७० टन म्हणजे काय, कापूस! पण तसं नाही. पाण्याची भरली बादली छातीशी धरून बघा. मग हात लांब करून तीच बादली धरा. बादली तीच, पाणी तेवढंच, पण हात थरथरायला लागतो. क्रेनचंही असंच आहे. ५०० टन हा आकडा अगदी जवळच्या ओझ्याचा. ओझं जसं लांब जाईल, तशी तिची ताकद कमी होते. किती लांब गेल्यावर किती टन उचलायचे, याचा तक्ता क्रेनमध्ये असतो. चालवणारा तक्ता बघूनच उचलतो. न बघता अंदाजाने उचलणारा गडी कितीही जुना असला, तरी त्याच्या जवळ उभं राहू नये, असं आमचं मत आहे.

तक्त्याइतकंच महत्त्व जमिनीला. क्रेनचा तळ ८ मीटर रुंद आहे असं समजा. एका बाजूची माती चार बोटं दबली, तर शंभर मीटर वरचं टोक दोन हात बाजूला जातं. ओझं तितकंच लांब गेलं आणि वर क्रेनही तिरकी झाली. म्हणून क्रेनची जागा आधी मुरूम टाकून, दाबून, सपाट करतात. तिच्याखाली जाड लाकडी किंवा लोखंडी फळ्या घालतात. पाऊस पडून गेला असेल, तर जमीन पुन्हा तपासतात. काळ्या मातीचा तर भरवसाच नको. ती ओली झाली की काय करते, हे शेतकऱ्याला आम्ही काय सांगावं!

आता दोरांकडे येऊ. ओझं क्रेनच्या हुकाला ज्या दोरांनी अडकवतात, त्यांना स्लिंग म्हणतात. काही तारेचे असतात, काही कापडी पट्ट्यांसारखे. हे बांधणारे कारागीर म्हणजे खलाशी. जहाजावरचाच हा शब्द. त्यांची बोलीही तिकडचीच. ‘हबेस’ म्हणजे वर घे, ‘आरिया’ म्हणजे खाली सोड.

पट्ट्याला एक चिठ्ठी शिवलेली असते. हा पट्टा किती टन पेलेल, ते त्या चिठ्ठीवर असतं. आकडे बहुधा इंग्रजी असतात. शून्यापासून नवापर्यंत दहाच आहेत, शिकायला चार दिवस पुरतात. चिठ्ठी फाटली असेल, आकडा पुसला असेल, तर तो पट्टा बाजूला काढायचा. पट्टा नवा दिसतो म्हणून चालवून घ्यायचं नाही. कापलेला, जळलेला, गाठ मारलेला पट्टाही नको. पट्ट्याला गाठ मारली की त्याची ताकद गेली.

दोर तुटतात ते नेहमी जुनेच असतात असं नाही. नवा दोरही तुटतो, कारण तो फार फाकवून बांधलेला असतो. हे नीट समजून घ्या. दोघं जण दोरीला मधोमध घागर अडकवून नेतात. जवळ जवळ चालले तर घागर हलकी लागते. दोघं लांब गेले, दोरी आडवी ताणली, की हाताला रग लागते. घागर काही जड झाली नाही.

१० टनांचं ओझं दोन दोरांवर आहे. दोर सरळ उभे असतील तर प्रत्येकावर ५ टन येतात. दोन दोर आणि खालचं ओझं मिळून तीन सारख्या बाजूंचा त्रिकोण झाला, की प्रत्येकावर जवळजवळ पावणेसहा टन. दोन दोरांमध्ये काटकोन झाला, तर ७ टनांहून थोडं जास्त. आणखी फाकवत गेलं, तर एक वेळ अशी येते की प्रत्येक दोर पुरे १० टन ओढत असतो. मग दोन दोर लावून काय मिळवलं? खलाशी लांब दोर मागतो तो यासाठी. मुकादमाने त्याला आखूड दोरावर भागवायला सांगू नये.

खांबाचा तुकडा गाडीवरून आडवा येतो. तो उभा करायला दोन क्रेना लागतात. मोठी वरचं टोक उचलते, धाकटी खालचं टोक सांभाळत जवळ येते. दोघींनी एकमेकींचं पाऊल बघून चालायचं असतं. म्हणून खुणा करणारा माणूस एकच असतो. दहा जण ओरडायला लागले, तर क्रेनवाला कुणाचं ऐकेल? मात्र ‘थांब’ ही खूण कुणीही करू शकतो, आणि ती कुणीही केली तरी क्रेन थांबवायची. झाडूवाल्या बाईने हात वर केला तरीसुद्धा.

वर जाणारं ओझं गरगर फिरू नये, म्हणून त्याला लांब दोर बांधतात. त्याचं टोक खाली जमिनीवर माणसं धरतात. हे काम गावच्या गड्यांकडे येतं. बैलाचा कासरा हाताला गुंडाळून धरला आणि बैल उधळला, तर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. इथं तर बैल आठ-दहा टनांचा आहे. दोर हाताला, मनगटाला, कमरेला कधी गुंडाळायचा नाही. हातमोजे घालायचे. मागे खड्डा नाही ना, ते आधी बघायचं. दोर ओढून न्यायला लागला, तर सोडून द्यायचा. आणि ओझ्याच्या खाली कुणीही जायचं नाही, विडी पेटवायलासुद्धा.

राहिला वारा. जिथं वारा भरपूर, तिथंच चक्की लावायची, आणि लावताना वारा नको! वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा चौपट होतो. शिवाय खाली झुळूक वाटते, तेव्हा वर जोराचा वारा असतो. म्हणून क्रेनच्या टोकाला वारा मोजायचं यंत्र बसवलेलं असतं. पातं चढवताना मर्यादा साधारणपणे सेकंदाला ८ ते १० मीटर, म्हणजे तासाला सुमारे २९ ते ३६ किलोमीटर. नेमका आकडा क्रेनच्या आणि पात्याच्या कागदात दिलेला असतो. पातं जातीनेच वारा पकडणारं. ते दोराला टांगलेलं असलं, म्हणून वारा त्याला सोडत नाही.

ओझ्यालाही वारा लागतो, हे न धरल्याने काय झालं, ते ऐका. ही गोष्ट चक्कीची नाही आणि आपल्या देशातलीही नाही. अमेरिकेत मिलवॉकी नावाचं शहर आहे. तिथं खेळाचं एक मोठं मैदान बांधत होते. १९९९ साली १४ जुलैला छपराचा चारशे टनांहून जड तुकडा एका प्रचंड क्रेनने उचलला. त्या दिवशी वारा होता. क्रेनला किती वारा लागेल, त्याचा हिशोब केलेला होता. टांगलेल्या छपराला किती लागेल, त्याचा केलेला नव्हता. क्रेन कोसळली. दुसऱ्या क्रेनला टांगलेल्या पाळण्यात उभे राहून तीन लोहारकामगार काम करत होते. ते तिघेही गेले.

आपल्याकडे पठारावर जून ते सप्टेंबर वारा आणि पाऊस दोन्ही जोरात असतात. म्हणून चढवण्याचं काम बहुधा उघडीपीच्या महिन्यांत धरतात. तरीही वारा पडायची वाट बघत माणसं दिवस दिवस बसून राहतात. क्रेनचं भाडं मोठं असतं. ठेकेदाराचा जीव तुटतो. तो म्हणतो, “एवढंच एक पातं घ्या.” अशा वेळी यंत्राचा आकडा खरा मानायचा, ठेकेदाराचा नाही. काही वेळा पहाटे वारा पडतो, तेव्हा दिवे लावून काम होतं.

असं काम चालू असलं की गाव बघायला लोटतं. म्हातारी माणसं येतात, बाया कडेवर पोरं घेऊन येतात. बघण्यासारखं असतंच ते. पण दोरी बांधून सीमा आखलेली असते, तिच्या बाहेर बसावं. शेळ्याही आत सोडू नयेत, कारण शेळीमागे पोर धावतं.

नॅसेल खांबावर टेकली, म्हणजे काम झालं असं नाही. आत माणसं बोल्ट घालतात आणि यंत्राने आवळतात. ठरलेले बोल्ट आवळून होईपर्यंत क्रेन ओझं धरून ठेवते. खाली उभ्या असलेल्यांना वाटतं, आता का थांबलेत? वरून बोल्ट आवळल्याचा निरोप येतो, खुणा करणारा हात हलवतो, आणि मगच हूक सुटतो.