अमेरिकेतला पैलवान आधी कॉलेजात जातो

ली केम्प हा विस्कॉन्सिन विद्यापीठाचा मल्ल. कॉलेजात असताना तीन वेळा राष्ट्रीय विजेता, 1978 मध्ये एकविसाव्या वर्षी फ्रीस्टाइल कुस्तीतला जगज्जेता, पुढच्याच वर्षी पुन्हा जगज्जेता. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये त्याच्याकडून सुवर्णाचीच अपेक्षा होती. अमेरिकेने बहिष्कार टाकला आणि केम्पला मॉस्को दिसलेच नाही. 1982 मध्ये तो तिसऱ्यांदा जगज्जेता झाला, पण 1984 च्या ऑलिंपिक संघात त्याला जागा मिळाली नाही. तीन जगज्जेतेपदे, आणि ऑलिंपिकमधली एकही कुस्ती नाही. पुढे त्याने मोटारविक्रीच्या व्यवसायात जम बसवला. पदवी त्याच्याजवळ आधीच होती.

मुलाने कुस्ती धरली म्हणून ज्यांची झोप उडाली आहे, त्या पालकांना केम्पची हकिगत आधी सांगावी असे मला वाटते. पदक मिळणे केवळ मेहनतीवर नसते. सरकारचा निर्णय, गुडघ्याची दुखापत, त्याच वजनी गटात उभा असलेला दुसरा तगडा मल्ल, यांतले काहीही आडवे येऊ शकते. अमेरिकेने हे ओळखून पैलवानाची वाट शाळा-कॉलेजातूनच नेली आहे. तिथे तालीम एकीकडे आणि वर्ग दुसरीकडे असे नसते.

शाळेत कुस्ती खेळणारी मुले तिथे अडीच लाखांहून अधिक आहेत. शाळेच्या संघाचा प्रशिक्षक अनेकदा त्याच शाळेत विषय शिकवणारा शिक्षक असतो. त्यांतून निवडक मुले विद्यापीठात जातात. विद्यापीठीय खेळ चालवणाऱ्या ‘एनसीएए’च्या पहिल्या श्रेणीत कुस्तीचे संघ 80 च्या आसपास. तिथे खेळायचे तर शाळेतल्या 16 मुख्य विषयांच्या अभ्यासक्रमांत ठरलेली सरासरी राखावी लागते, आणि विद्यापीठात गेल्यावरही दर सत्रात पुरेसे विषय पार करावे लागतात. अभ्यासात मागे पडलेला मुलगा, मग तो कितीही बलदंड असो, मॅटवर उतरू शकत नाही. मला या व्यवस्थेतला हाच नियम सर्वांत मोलाचा वाटतो.

एक तांत्रिक बाब पालकांना सहसा ठाऊक नसते. कॉलेजातली कुस्ती आणि ऑलिंपिकची फ्रीस्टाइल कुस्ती एक नव्हे. कॉलेजची कुस्ती सात मिनिटांची. खाली पडलेल्याला दाबून, ताब्यात धरून ठेवण्याला तिथे गुण आहेत. फ्रीस्टाइल सहा मिनिटांची. तिथे नुसते दाबून धरून काही मिळत नाही, प्रतिस्पर्ध्याची पाठ मॅटकडे वळवावी लागते, आणि त्याला वर्तुळाबाहेर रेटले तरी गुण मिळतो. त्यामुळे कॉलेजचा विजेता आपोआप जगज्जेता होत नाही. आयोवा स्टेट विद्यापीठाचा केल सँडरसन चार वर्षांत 159 कुस्त्या खेळला आणि एकही हरला नाही. तरी 2003 च्या जागतिक स्पर्धेत त्याला रौप्यावर थांबावे लागले. सुवर्ण आले ते 2004 मध्ये, अथेन्सला. उलट काहींना कॉलेजातच दोन्ही प्रकार साधतात. ओहायो स्टेटचा काइल स्नायडर 2016 मध्ये विसाव्या वर्षी रिओत ऑलिंपिक सुवर्ण जिंकला, परत येऊन वर्गात बसला आणि 2017 व 2018 मध्ये पुन्हा कॉलेजचा विजेता झाला.

पण माझ्या मते विद्यार्थ्यांनी नीट अभ्यासावी अशी कारकीर्द काइल डेकची आहे. हा कॉर्नेल विद्यापीठाचा. कॉर्नेल ज्या विद्यापीठांच्या गटात आहे, तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. तरीही डेकने 2010 ते 2013 अशी सलग चार वर्षे चार वेगवेगळ्या वजनी गटांत राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. शेवटच्या वर्षी अंतिम फेरीत त्याने पेन स्टेटच्या डेव्हिड टेलरला एका गुणाने हरवले. यानंतर कुणालाही वाटेल की आता ऑलिंपिक दूर नाही. पण 74 किलो गटात नेब्रास्काचा जॉर्डन बरोज उभा होता: 2012 चा ऑलिंपिक विजेता, दुहेरी पट काढण्यात विजेसारखा. एका देशाचा एका गटात एकच मल्ल जातो. डेकने 2016 मध्ये वजन वाढवून 86 किलो गटात प्रयत्न केला. तिथे निवड चाचणीच्या अंतिम लढतीत जेडन कॉक्सने त्याला अडवले. 2018 आणि 2019 मध्ये तो 79 किलोत जगज्जेता झाला, पण तो गट ऑलिंपिकमध्ये नव्हता. अखेर 2021 च्या निवड चाचणीत, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने बरोजला हरवले आणि टोकियोतून कांस्यपदक आणले. 2024 मध्ये पॅरिसला पुन्हा कांस्य. कॉलेज संपल्यापासून पहिल्या ऑलिंपिकपर्यंत आठ वर्षे गेली. ज्या टेलरला त्याने हरवले होते, तो टोकियोत 86 किलोचा सुवर्णविजेता झाला आणि 2024 मध्ये ओक्लाहोमा स्टेटचा मुख्य प्रशिक्षक.

हिशेब सरळ आहे. कॉलेजात दरवर्षी दहा वजनी गटांचे दहा विजेते, चार वर्षांत चाळीस जागा. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या फ्रीस्टाइलचे गट सहा. उरलेले काय करतात? बरेच जण प्रशिक्षक होतात. डॅन गेबल 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये एकही गुण न देता जिंकले, पण त्यांचे खरे आयुष्य आयोवा विद्यापीठात घडले. त्यांच्या हाताखाली त्या संघाने 15 राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. सँडरसनने पेन स्टेटला तसेच घडवले. डॅनियल कॉर्मिये 2001 च्या अंतिम फेरीत सँडरसनकडून हरला होता. तो पुढे व्यावसायिक मिश्र युद्धकलेत दोन गटांचा विजेता झाला. पैसाही आता थोडा सुधारला आहे: अमेरिकन कुस्ती महासंघाच्या निधीतून ऑलिंपिक सुवर्णाला अडीच लाख डॉलर मिळतात, आणि 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमाई करता येते. पण ही रक्कम शिखरावरच्या मूठभरांची. घराचा हिशेब तिच्यावर मांडू नये.

वजन उतरवण्याबद्दल मात्र कळकळीने सांगायचे आहे. 1997 च्या अखेरीस अवघ्या काही आठवड्यांत तीन अमेरिकन कॉलेज मल्ल वजन उतरवताना मरण पावले. त्यानंतर रबरी सूट आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी आली, शरीरातले पाणी तपासून प्रत्येकाचे किमान वजन ठरवले जाऊ लागले. तरी 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कर्णधार कॉर्मियेला मूत्रपिंडे निकामी होऊ लागल्याने माघार घ्यावी लागली. पॅरिसमध्ये विनेश फोगाट 100 ग्रॅमनी अपात्र ठरली, तो गट अमेरिकेच्या सारा हिल्डेब्रँटने जिंकला. तुमच्या मुलाला कुणी दोन दिवस उपाशी ठेवत असेल, तर त्या वस्तादांशी आजच बोला.

आपला मल्ल या वाटेवरच्या मल्लासमोर टिकतो का? बीडच्या राहुल आवारेने 2019 च्या जागतिक स्पर्धेत 61 किलो गटाचे कांस्य जिंकले, ते विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या टायलर ग्राफला 11-4 असे हरवून. कसब आपल्याकडे कमी नाही. पुढे राहुल महाराष्ट्र पोलिसांत उपअधीक्षक झाला. आपल्याकडे पदकाला नोकरीची जोड आहे आणि ती मोठी गोष्ट आहे, पण ती पदकानंतर मिळते. पदक न मिळालेल्यांसाठी पदवीच कामी येते.

मुलींच्या पालकांनी हेही ध्यानात घ्यावे की महिलांच्या कुस्तीला 2026 पासून ‘एनसीएए’ने अधिकृत राष्ट्रीय स्पर्धेचा दर्जा दिला आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलींना शाळेच्या संघातून थेट विद्यापीठात जाण्याची वाट त्यामुळे रुंद झाली आहे. इथून जायचे असेल, तर नववीपासूनचे गुण मोजले जातात, हे वेळीच लक्षात ठेवा.

मुलाला तालमीत जरूर पाठवा. पण दहावीनंतर कॉलेज निवडताना तिथल्या प्राचार्यांना विचारा, की स्पर्धेमुळे बुडालेली परीक्षा हा मुलगा पुन्हा कधी देईल. उत्तर स्पष्ट मिळाले नाही, तर दुसरे कॉलेज शोधा.