वाढप्याचे देणे

जळगाव

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

धुळ्याची आक्का अखाजीला माहेरी येऊन गेली आणि जाता जाता तिने सांगितलेली हकिगत ऐकल्यापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. तिच्या पुतण्यासमवेत ह्यूस्टनच्या एका उपाहारगृहात तू जेवलास, बिलाची रक्कम सेंटापर्यंत मोजून चुकती केलीस आणि वाढप्यासाठी काहीएक न ठेवता उठलास, तेव्हा तो मुलगा दारापर्यंत मागे येऊन, आपल्या वाढण्यात काही उणे पडले काय, असे अजिजीने विचारू लागला म्हणे. आक्का हसत सांगत होती. मला हसू आले नाही.

रुपयांत गुणाकार केला की शेकडा वीस ही बक्षिसी अवाढव्य दिसते, हे मला मान्य आहे. परंतु ज्या टेक्सास राज्यात तू उतरला आहेस, तेथे अशा नोकरास मालकाने तासाला अवघे २.१३ डॉलर रोख दिले तरी कायद्याला ते चालते. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही, आणि ७.२५ डॉलरांच्या किमान वेतनापर्यंतची तूट गिऱ्हाइकांच्या हातून भरून न निघाली, तरच ती मालकाच्या माथी येते. आपल्या सुतार-लोहारांनी वर्षभर राबून सुगीला खळ्यावर बलुते मागावे, तशातलाच हा व्यवहार. आणि बलुतेदाराला खळ्यावरून रित्या हाताने परतविणाऱ्याला गाव काय म्हणे, हे आपल्या घरातल्या मुलाला सांगावे लागू नये. परतीच्या वाटेवर टोकियोत मात्र टेबलावर काही ठेवू नकोस. विसरले असे समजून मागे धावत आणून देतील.

तो मुलगा दारापर्यंत आला, हेच राहून राहून सलते. अण्णांचा, म्हणजे तुझ्या आजोबांचा, हात किती आखडता होता ते तू ऐकून आहेस. भुसावळच्या फलाटावर आमच्या ट्रंका वाहून घामाघूम झालेल्या हमालाशी त्यांनी दोन आण्यांवरून मांडलेली हुज्जत गाडी हलेपर्यंत चालली, आणि खिशात शिष्यवृत्तीचे पैसे असूनही मी खिडकीशी मुकाट बसून राहिलो. अण्णांपुढे ब्र काढण्याची प्राज्ञा नव्हती, हे खरे. परंतु त्या हमालाने जाताना माझ्याकडे पाहिले होते. तुझ्या वाढप्याचे ऐकले आणि त्याचाच चेहरा डोळ्यांपुढे आला.

एवढे खरमरीत लिहून झाल्यावर ध्यानात आले, की घराच्या कर्जाचा हप्ता दरमहा बिनचूक तुझ्याकडूनच येतो. परक्या मुलखात जेवणाचा भत्ता वाचवून तो तू भरत असशील, तर तुला बोल लावण्याचा अधिकार मला कोठला? दिवाळीपर्यंतचे हप्ते माझ्या पेन्शनीतून जातील. यावर तकरार नको. काकूने ज्वारीच्या बिबड्या वाळवून डबा भरून ठेवला आहे. तुझ्या खोलीत तळण्याची मुभा आहे की नाही ते कळव, आणि रात्रीचे जेवण टाळत नाहीस ना, हेही खरे खरे लिही.

तुझा
काका