जुन्या कॅरॅव्हॅनचं छत लोंबतंय

प्रश्न : आम्ही लीड्सजवळ राहतो. १९९१ची कॅरॅव्हॅन घेतली. आतलं छत फुगून खाली आलंय. स्क्रू मारून वर घ्यावं का?

उत्तर : आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच. तेव्हाच्या छताला आतून पातळ प्लाय, मध्ये थर्माकोल आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. पाणी बहुधा छतावरच्या झडपेच्या कडेने किंवा ऑनिंगच्या पट्टीच्या स्क्रूंमधून झिरपतं. पट्टी काढा, जुनं वाळलेलं सीलंट खरवडा, ब्यूटाइल टेप लावा. सिलिकॉन नकोच, त्यावर पुढे दुसरं काही धरत नाही.

मग छत बोटाने दाबून पाहा. प्लाय भिजल्या बिस्किटासारखी लागली, तर तेवढा तुकडा कापून नवा बसवा. नुसतीच सुटली असेल, तर पूर्ण वाळवून चिकटवा. गोंद पॉलियुरेथेनचा घ्या. उग्र वासाचा, सॉल्व्हंटवाला गोंद थर्माकोल विरघळवतो, आणि ते कळतं छत पुन्हा लोंबल्यावर! खाली सपाट फळी धरून टेकू रात्रभर ठेवा. जोर बेताचा, नाहीतर वरच्या पत्र्याला फुगवटा येईल. स्क्रू लागलेच, तर आतल्या लाकडी पट्टीतच आणि आखूड. लांब स्क्रू थेट पत्र्यातून बाहेर निघतो.