आधी उजेड, मग लेन्स

पावसाळा सुरू झाला की सह्याद्रीत किडे शोधायला वाट सोडावी लागत नाही. कारवीच्या पानामागे ढालकिडा, टाकळ्यावर फुलपाखराची अळी, कातळाच्या कपारीत लांडगा कोळी, असं सगळं पायवाटेच्या कडेलाच असतं. जवळून फोटो काढायची हौस इथेच लागते आणि पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच असतो: मॅक्रो लेन्स कोणती घेऊ? माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. नवशिक्याने आधी पैसा आणि मेहनत उजेडावर खर्च करावी, लेन्सचं नंतर बघावं. ही आवडीनिवडीची बाब नाही, त्यामागे साधं गणित आहे.

१:१ मॅक्रो म्हणजे किड्याची प्रतिमा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढीच पडणं. फुलफ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे तेवढा लांब नाकतोडा चौकट भरून टाकतो. इतक्या जवळून एफ/११ अ‍ॅपर्चर ठेवलं तरी फोकसमध्ये येणारी जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास भरते. डोळे टिपले की पाठ धूसर होते. म्हणून अ‍ॅपर्चर बारीक करावं, तर उजेड कमी पडतो. त्यात १:१ ला सेन्सरपर्यंत पोचणारा उजेड एरवीच्या पाव हिश्श्यावर येतो आणि एफ/११ हे एफ/२२ सारखं वागतं. ढगाळ दिवशी दाट झाडीखाली आयएसओ ४०० वर अशा फोटोला साधारण अर्धा सेकंद लागतो. अर्ध्या सेकंदात पान हलतं, किडा मिशी फिरवतो, हात थरथरतो. कितीही महागडी लेन्स लावली तरी हे गणित बदलत नाही.

ते बदलतो फ्लॅश. कमी ताकदीवर, म्हणजे १/१६ किंवा १/३२ वर, साध्या फ्लॅशचा झोत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास टिकतो. फोटोतला जवळजवळ सगळा उजेड याच झोताचा असेल, तर शटर १/१६० असूनही हालचाल गोठते आणि ट्रायपॉड घरी ठेवता येतो. सुरुवातीला कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/१६०, अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/११, आयएसओ २०० ते ४०० आणि फ्लॅश मॅन्युअल १/१६ वर ठेवावा. मग फक्त फ्लॅशची ताकद वरखाली करायची. ऑटोफोकस बंद ठेवून अंतर ठरवून टाकावं, कोपरं पोटाशी घ्यावीत आणि शरीर किंचित पुढेमागे झुलवत डोळे स्पष्ट दिसताच बटण दाबावं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: फ्लॅशचे फोटो कृत्रिम दिसतात, पाठीवर पांढरे चट्टे येतात, मागे काळोख पसरतो. तक्रार खरी आहे, पण दोष डिफ्यूझर, म्हणजे उजेड पसरवणारा दुधी पडदा, न लावण्याचा आहे. भुंगेऱ्याची पाठ आरशासारखी असते आणि समोर जे असेल ते तिच्यात उमटतं. उघडा फ्लॅश असेल तर चटका बसल्यासारखा ठिपका उमटतो, वहीच्या पानाएवढा दुधी पडदा असेल तर मऊ चकाकी. उजेड मऊ पडणं हे किड्याच्या मानाने पडदा किती मोठा आणि किती जवळ आहे यावर ठरतं. म्हणून पडदा लेन्सच्या तोंडाच्या वरून पुढे, किड्यापासून वीतभराच्या आत यायला हवा. पॅकिंगमधला पांढरा फोमचा पातळ कागद किंवा ट्रेसिंग पेपर, पुठ्ठा, चिकटपट्टी आणि रबरबँड एवढ्यात काम भागतं. घरीच स्टीलच्या चमच्याच्या पाठीचा फोटो काढून बघावा; उजेडाच्या डागाच्या कडा विरघळेपर्यंत पडदा सरकवत, थर वाढवत राहावं. काळ्या पार्श्वभूमीवरही उपाय आहे: ज्याच्या मागे वीतभर अंतरावर दुसरं पान आहे असा किडा निवडायचा, म्हणजे झोत त्या पानावरही पडतो.

दुसरा आक्षेप मोबाइलवाल्यांचा: आमच्या फोनमध्ये मॅक्रो मोड आहे, मग हा खटाटोप कशाला? अनेक फोनमध्ये हा मोड अल्ट्रावाइड कॅमेऱ्यावर चालतो आणि किड्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर जावं लागतं. तिथे फोनचीच सावली किड्यावर पडते. म्हणजे अडचण पुन्हा उजेडाचीच. बाजूने धरलेला छोटा एलईडी दिवा आणि त्यावर ट्रेसिंग पेपर, एवढ्याने फरक दिसतो. तिसरा आक्षेप, नैसर्गिक उजेडातही देखणे फोटो येतात हा, मला मान्य आहे. थंडीतल्या पहाटे दवाने भिजलेले चतुर आणि टाचण्या गवताच्या काडीवर गारठून बसलेल्या असतात, कारण ऊन अंगावर आल्याशिवाय त्यांना पंख नीट चालवता येत नाहीत. वारा पडलेला असेल तर तिथे ट्रायपॉड लावून नैसर्गिक उजेडात सेकंदभराचं शटरही चालतं आणि फोटो फ्लॅशपेक्षा देखणा येतो. पण तो तासाभराचा खेळ. सुट्टीच्या दिवशी भरदुपारी झाडीतून चालणाऱ्याला तो दर वेळी साधणार नाही.

चांगल्या उजेडाने काय हाती लागतं हे ओंबीलच्या झाडापाशी कळतं. पानं शिवून घरटी करणाऱ्या या तांबूस मुंग्यांच्या रांगेजवळ कधीकधी एक कोळी हुबेहूब त्यांच्याच रूपात वावरतो. तो पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरतो, त्यामुळे उरलेले सहा पाय मुंगीचे वाटतात. नुसत्या डोळ्यांना तो सहज फसवतो. नीट उजळलेल्या फोटोत मात्र आठ पाय मोजता येतात आणि तोंडावरचे समोरचे दोन मोठे डोळे दिसतात. मुंगीला तसे डोळे नसतात. कोळ्यांच्या ओळखीत डोळ्यांची मांडणी फार महत्त्वाची असते: लांडगा कोळ्याच्या खाली चार बारीक, त्यावर दोन मोठे, त्यामागे आणखी दोन. म्हणून प्रत्येक जिवाचे निदान तीन फोटो घ्यावेत: समोरून, वरून आणि बाजूने. असे फोटो ठिकाण आणि तारखेसह आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकले तर ओळख पटायला मदत होते आणि नोंदही राहते.

आता सर्वांत गंभीर आक्षेप: याने किड्यांना त्रास होत नाही का? होऊ शकतो, म्हणून मर्यादा आधीच आखावी. चार-पाच झोतांत फोटो मिळाला नाही तर पुढे निघावं. कात टाकणाऱ्या किंवा नुकत्याच कोषातून निघालेल्या जिवाला स्पर्शही करू नये. पंख मऊ असताना धक्का लागला तर ते कायमचे वाकडे होतात. चांगल्या कोनासाठी जाळं तोडणं किंवा किडा फ्रीजमध्ये गारठवून मांडणं याला फोटोग्राफी म्हणू नये. स्वतःची काळजीही तितकीच महत्त्वाची. गडांच्या कड्यांना लटकणाऱ्या आग्या मोहोळाच्या आसपास फ्लॅश, अत्तर, धूर आणि आरडाओरडा बंद. गुडघा टेकण्याआधी काठीने गवत आणि दगड तपासावेत, कारण कोकणात आणि घाटात फुरसं आणि विंचू अशाच जागी असतात. कासच्या पठारावर तर फोटोसाठी वाटेबाहेर पाय टाकूच नये. तिथल्या दवबिंदूसारख्या कीटकभक्षी वनस्पती बोटभर उंचीच्या असतात आणि एका बुटाखाली कितीतरी चिरडतात.

मग लेन्सवर खर्च कधी करायचा? सुरुवातीला हाताशी असलेल्या लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब किंवा रेनॉक्स डीसीआर-२५० सारखं चिमट्याने बसणारं भिंग पुरतं. घराजवळचं एकच झुडूप धरून काही आठवडे तिथेच फोटो काढावेत. कोण कधी बसतं, कोण सावली पडताच उडतं हे ध्यानात येतं आणि डिफ्यूझरही हातात बसतो. पुढे असं दिसेल की उजेड बरोबर आहे, फोकस बरोबर आहे, तरी चतुर आणि फुलपाखरं तुमच्या जवळिकीला बुजून उडतायत. आता अडचण खरोखर अंतराची आहे आणि ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स नेमकं तेच देते: १:१ साधूनही किडा आणि लेन्स यांच्यात मोकळी जागा. त्या वेळी ती जरूर घ्या. त्याआधी घेतली तर झाडीतल्या अंधारात तिचे पैसे वसूल होणार नाहीत.