लिव्हर ‘पी’वर अडकला तर

ऑगस्ट 2025 मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात रात्रीतून गावांत पाणी शिरलं. हसनाळ, रावणगावच्या लोकांना सावरायलाही वेळ मिळाला नाही. मराठवाड्याला दुष्काळाची तयारी ठाऊक आहे, पुराची नाही. म्हणूनच दारातली ऑटोमॅटिक गाडी बंद पडली तर कशी हलवायची, हे आधीच माहीत असायला हवं.

लातूरला माझ्या मावशीच्या अपार्टमेंटच्या तळघरात एका पावसाळ्यात पाणी साचू लागलं. गाडी बरेच दिवस उभी, बॅटरी उतरलेली, गिअरचा लिव्हर ‘पी’वर (पार्क) घट्ट. काका ब्रेक दाबून लिव्हर ओढत होते, मागे शेजाऱ्यांच्या गाड्या खोळंबल्या होत्या. नांदेडच्या मेकॅनिकने फोनवर आधी एवढंच विचारलं, “ओढू नका साहेब. मागचे ब्रेक लाइट लागायलेत का?”

लागत नव्हते.

प्रश्न अचूक होता. ‘पी’मध्ये गिअरबॉक्समधला लोखंडी खटका दातेरी चाकात बसतो आणि वर लिव्हरला विजेवर चालणारं कुलूप असतं. ब्रेक दाबल्यावर ज्या स्विचमुळे मागचे दिवे लागतात, त्याच स्विचवरून बहुतेक गाड्यांत कुलपाला इशारा जातो. बॅटरी उतरली, फ्यूज उडाला किंवा स्विच गेला, की लिव्हर हलत नाही. जोर लावला तर तुटतो मात्र.

बऱ्याच गाड्यांत लिव्हरच्या कडेला छोटं प्लॅस्टिकचं झाकण असतं. ते काढून आतल्या खाचेत किल्ली किंवा बारीक स्क्रूड्रायव्हर दाबून धरायचा, ब्रेकवर पाय ठेवायचा आणि लिव्हर ‘एन’वर (न्यूट्रल) आणायचा. त्याआधी हँडब्रेक ओढलेला आणि चाकांखाली दगड लावलेले हवेतच. इंजिन बंद असताना ब्रेकला नेहमीचा जोर नसतो. ‘एन’वर सुटलेली गाडी माणसाच्या अंगावर जाऊ शकते. स्टिअरिंग लॉक झालं असेल तर तेही आधी मोकळं करावं लागतं.

उतारावर हँडब्रेक न ओढता गाडी ‘पी’वर सोडली, तर सगळा भार त्या खटक्यावर येतो आणि लिव्हर अडकतो. चार जणांनी गाडी चढाकडे किंचित रेटली की भार हलका होऊन लिव्हर हलवता येतो. गाडी लावताना आधी हँडब्रेक, मग ‘पी’ ही सवय असेल तर ही वेळच येत नाही.

बटणाच्या गिअरच्या गाड्यांत ही खाच बहुधा नसते. बॅटरी उतरली असेल तर तिथे जंप-स्टार्ट हाच पहिला उपाय. 2014 मध्ये सेलेरिओ गाडीबरोबर आपल्याकडे आलेल्या एएमटीच्या (आपोआप गिअर बदलणारा मॅन्युअल गिअरबॉक्स) बहुतेक गाड्यांत तर ‘पी’च नसतो. आपल्या गाडीत काय आहे, ते मॅन्युअलमध्ये आजच बघा.

काकांच्या गाडीचं झाकण निघालं आणि शेजाऱ्यांनी ती ढकलत रॅम्पवर आणली. पाणी घोट्याएवढंच होतं आणि इमारतीचा मेन स्विच बंद केलेला होता, म्हणून हे जमलं. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी तरंगू लागते. अशा वेळी झाकण शोधत बसू नका. माणसं बाहेर काढा, उंचावर जा आणि 112 ला फोन लावा.